आधी करार, मग डॉक्टरकी

एएफएमसीची स्थापना कधी झाली, असे विचारले तर दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही बरोबर आहेत. एक १ मे १९४८ आणि दुसरे ४ ऑगस्ट १९६२. पहिल्या तारखेला पुण्याच्या छावणीत सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दुसऱ्या तारखेला तिथे एमबीबीएसचे पहिले विद्यार्थी वर्गात बसले. मधली चौदा वर्षे या महाविद्यालयात शिकवणे जोरात चालू होते, पण इंटर सायन्स होऊन आलेला एकही मुलगा आवारात नव्हता. शिकायला येत होते ते गणवेशातले डॉक्टर, म्हणजे आधीच पदवी घेतलेले आणि सैन्यात दाखल झालेले अधिकारी. ही चौदा वर्षे इतिहास लिहिताना सहसा दोन ओळींत उरकली जातात. पण पुढचे सगळे, म्हणजे प्रवेशाच्या चाळण्या, बाँड, सात वर्षे की वीस वर्षे हा प्रश्न, या काळात जे जमले नाही त्यातून आलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धात पुणे आणि खडकी छावण्यांमध्ये लष्कराच्या वैद्यकीय विभागाची बरीच लहानमोठी युनिटे गोळा झाली होती. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, म्हणजे त्याच धामधुमीतले. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ एप्रिल १९४३ रोजी, इंडियन मेडिकल सर्व्हिस, इंडियन मेडिकल डिपार्टमेंट आणि इंडियन हॉस्पिटल कोअर यांतून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली होती. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले आणि तीन दलांच्या तीन वैद्यकीय सेवा ठेवायच्या की एकच, हा प्रश्न पुढे आला. त्यासाठी १९४७ मध्ये डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या वैद्यकीय सेवा एका छत्राखाली आणाव्यात आणि शिक्षण व संशोधनही एका ठिकाणी व्हावे, असा त्या समितीचा कल होता. पुण्यातल्या युनिटांचे एकत्रीकरण करून एएफएमसी उभी राहिली ती या विचारातून. त्यामुळेच इथे शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून तीन दले आपली वाटतात. पुढे कोणता गणवेश अंगावर येईल, हे शेवटच्या टप्प्यावर ठरते.

१९४८ मध्ये या संस्थेने तयार डॉक्टरालाच लष्करी डॉक्टर बनवायचे काम हाती घेतले, कारण तोवरची रीतच तशी होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये १८५५ पासून स्पर्धा परीक्षेने भरती होऊ लागली. परीक्षा लंडनला. त्याच पहिल्या वर्षी सूर्यकुमार गुडिव्ह चक्रवर्ती हे बंगाली डॉक्टर ती परीक्षा उत्तीर्ण झाले आणि या सेवेत परीक्षेने शिरलेले पहिले भारतीय ठरले. निवड झालेल्या तरुणांना चॅटमला आणि नंतर नेटलीच्या लष्करी वैद्यकीय शाळेत काही महिने ठेवत, उष्ण प्रदेशातले रोग आणि लष्करी स्वच्छता शिकवत आणि मग जहाजात बसवून हिंदुस्थानात धाडत. डॉक्टर बाहेर घडायचा, सरकार त्याला विकत घ्यायचे आणि वर थोडी पॉलिश करायचे. पगार, मान आणि मुलकी बाजूला मिळणारी सिव्हिल सर्जनची खुर्ची यांच्या जोरावर ही व्यवस्था इंग्रजांच्या राज्यात बरी चालली.

स्वातंत्र्यानंतर ती खुर्ची गेली. ग्रँट मेडिकल किंवा बी. जे. मधून नुकताच बाहेर पडलेला डॉक्टर मुंबईत, सांगलीत, जळगावात दवाखाना टाकून चार पैसे मिळवू शकत होता. सरहद्दीवरच्या एखाद्या पलटणीबरोबर तंबूत राहायला त्याने का जावे? देशप्रेम होतेच, पण देशप्रेमावर दरवर्षीची भरती चालत नाही. सैन्य वाढत होते आणि डॉक्टरांच्या जागा रिकाम्या राहत होत्या. तयार डॉक्टर मिळत नसेल तर सतरा-अठराव्या वर्षीच मुलगा हाती घ्यावा, शिक्षणाचा सगळा खर्च उचलावा आणि बदल्यात त्याची ठरावीक वर्षे लिहून घ्यावीत, असा साधा व्यवहारी हिशेब त्यातून पुढे आला. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना तो प्रत्यक्षात आला आणि ४ ऑगस्ट १९६२ रोजी ‘ए’ बॅचचा श्रीगणेशा झाला.

त्यानंतर अडीच महिन्यांत, २० ऑक्टोबरला, चिनी फौजा नेफा आणि लडाखमध्ये घुसल्या. पहिल्या तुकडीची मुले तेव्हा शवविच्छेदनाच्या टेबलापाशी स्नायूंची नावे पाठ करत होती. मेनन गेले आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण आजही म्हणतो. त्या धावण्यात डॉक्टरांचाही हिशेब होता, हे मात्र फारसे बोलले जात नाही. मैदानातून झपाट्याने उंचीवर चढवलेले जवान गोळी न लागताही कोसळत होते. डोके ठणकणे, ओकाऱ्या, धाप, फुप्फुसात पाणी, कधी मेंदूला सूज. इंद्र सिंग आणि त्यांच्या लष्करी वैद्यक सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. उंचीवरच्या आजारावर जगभरात जे लिहिले जाते त्यात तो निबंध आजही पायाभूत मानला जातो. मुंबईच्या कोणत्याही वॉर्डात हा रोगी भेटणार नव्हता. त्याला पहिल्यांदा ओळखणारा डॉक्टर पलटणीतच असायला हवा होता, आणि तोही आदल्या दिवशी शहरातून आलेला असून भागणार नव्हते.

एएफएमसीच्या प्रवेशाची नियमावली हातात घेतली की सुरुवातीला ती जाचक वाटते. मी ती नेमणुकीच्या बाजूने वाचतो, म्हणजे या अटीतून पार पडलेला मुलगा सात-आठ वर्षांनी कुठे उभा असणार, हे डोळ्यांपुढे ठेवून. उमेदवार अविवाहित हवा आणि शिक्षण संपेपर्यंत लग्न करायचे नाही. वय १७ ते २४ च्या दरम्यान. बारावी पहिल्याच प्रयत्नात सुटलेली हवी. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून ६० टक्के, शिवाय या प्रत्येक विषयात आणि इंग्रजीत किमान ५० टक्के. गणित निदान दहावीपर्यंत झालेले असावे. जागा संपूर्ण देशासाठी एकत्र. महाविद्यालय पुण्यात, संलग्नता आधी पुणे विद्यापीठाची आणि आता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणून इथल्या मुलांना काही वेगळा कोटा असेल, अशी आशा घेऊन येणारे पालक दरवर्षी भेटतात. तसा कोटा नाही आणि तो नसण्यातच या संस्थेची प्रकृती आहे. मिझोरामचा मुलगा आणि लातूरची मुलगी एकाच मेसमध्ये जेवतात. पुढे ज्या पलटणीत जायचे, तिथले जवानही एका प्रांताचे असतील आणि डॉक्टर भलत्याच प्रांताचा.

अनेक वर्षे महाविद्यालयाची स्वतःची लेखी प्रवेश परीक्षा होती. गेल्या दशकात ती गेली आणि नीट आली. नीटच्या गुणांवर निवडक उमेदवारांना पुण्याला बोलावले जाते आणि खरी चाळणी तिथे सुरू होते. आधी इंग्रजीचे आकलन आणि तर्कशक्ती तपासणारी चाचणी. ४० प्रश्न, ३० मिनिटे, प्रत्येकी दोन गुण आणि चुकीला अर्ध्या गुणाची वजाबाकी. दोन वर्षे कोटा किंवा लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्राची पाने घोटलेला मुलगा इथे अचानक उघडा पडतो, कारण या अर्ध्या तासात पाठांतर उपयोगाचे नाही. मग मनोवैज्ञानिक चाचणी आणि ५० गुणांची मुलाखत. मुलाखतीत पाठ केलेले देशभक्तीचे भाषण अनुभवी मंडळाला दुसऱ्या वाक्यालाच कळते, असे मला वाटते. मुलगा एकटा राहू शकेल का, हुकूम पटला नाही तरी पाळेल का, आणि पाळू नये असा हुकूम आला तर डॉक्टर म्हणून ताठ उभा राहील का, हे पारखायचे असते. पंधरा-वीस मिनिटांत ते कितपत कळते, याबद्दल मात्र मी साशंक आहे.

यानंतर वैद्यकीय तपासणी. नीटला उत्तम गुण मिळवलेली कितीतरी मुले इथे अडखळतात. रंग ओळखता येतात का, पायाला कमान आहे का, कान, गुडघे, वजन, दृष्टी... इतर वैद्यकीय महाविद्यालयांत यातले फारसे काही कुणी विचारत नाही. सैन्यात माणसाची तब्येत ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांच्या वर्गवारीने मोजतात. मन, श्रवण, हातपाय, शरीर आणि दृष्टी. सगळे उत्तम असेल तर माणूस ‘शेप वन’. जवानांना शेप वन ठरवण्याचा शिक्का ज्याच्या हाती असणार, त्याला आधी त्या मापात बसावे लागते.

एकूण १५० जागांमध्ये ११५ मुलांच्या, ३० मुलींच्या आणि ५ मित्रराष्ट्रांनी पाठवलेल्या विद्यार्थ्यांच्या. अनुसूचित जाती-जमातींसाठी १० जागा या १४५ मध्येच धरलेल्या. निवड झाली की शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश यांचा भार सरकारवर. त्याच वेळी कागद पुढे येतो. विद्यार्थी आणि पालक दोघांनी सह्या करायचा बाँड.

तो कागद काय सांगतो ते नीट समजून घ्यायला हवे, कारण याबद्दल बाहेर गैरसमज फार. एएफएमसीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करायची, ही हमी. तिचे दोन मार्ग. पर्मनंट कमिशन मिळाले, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘पीसी’, तर साधारण २० वर्षे. शॉर्ट सर्व्हिस मिळाले तर ७ वर्षे. कोणाला कोणते, हे गुणवत्ता, इच्छा आणि उपलब्ध जागा पाहून ठरते. बाहेरून एमबीबीएस करून थेट शॉर्ट सर्व्हिसमध्ये येणाऱ्या डॉक्टरची पहिली मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे फुकट शिक्षणाची किंमत वरच्या दोन वर्षांतच आली, असे कुणी म्हणेल. पण तो हिशेब फसवा आहे. बाहेरचा डॉक्टर चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी विचार करून येतो, इथला मुलगा अठराव्या वर्षी सही करतो आणि तिशी गाठेपर्यंत बांधला जातो. अठराव्या वर्षी सात वर्षे म्हणजे काय, हे कुणालाच कळत नाही. त्याच्या वडिलांना कळते, आणि कागदावर त्यांची सही म्हणूनच लागते.

सेवा नाकारली तर रक्कम भरायची. ही रक्कम वेळोवेळी वाढत गेली आणि आता ती ६० लाखांच्या पुढे गेली आहे. आकडा ऐकून सामान्य घरातला माणूस दचकतो. पण आज खासगी अभिमत विद्यापीठात एमबीबीएसचा एकूण खर्च कोटीच्या घरात जातो. त्या बाजारात पाहिले तर ६० लाखांत पदवी आणि सुटका ही काहींना स्वस्त वाटू शकते. रक्कम वाढवत राहणे हा या गळतीवरचा उपाय मला अपुरा वाटतो, कारण ज्याला भरणे शक्य आहे तो भरून मोकळा होतो आणि अडकतो तो कर्ज न मिळणारा. संस्थेचा जोर म्हणूनच रकमेपेक्षा साडेचार वर्षांच्या दिनक्रमावर आहे. पहाटेची पीटी, ड्रिल, मेसची शिस्त, सीनियर-ज्युनिअरचे नाते आणि सोबतची सगळीच मुले त्याच वाटेने जाणार आहेत ही रोजची जाणीव. इतर महाविद्यालयांतली मुले तिसऱ्या वर्षापासून पीजीच्या क्लासमध्ये हरवतात. इथे तोही आजार आहे, मी नाकारत नाही, पण पुढची पायरी कोणती याबद्दल संभ्रम नसल्याने त्याचा जोर कमी असतो.

या शिक्षणाचा वेगळेपणा पाहायचा असेल तर मी शस्त्रक्रियागृह दाखवणार नाही, हॉरॉक्सची पेटी दाखवीन. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरच्या नावाची ही पाणी तपासायची पेटी. आत सहा पांढरे कप, आतून खूण केलेला एक काळा कप, दोन ग्रॅम मावतील असे दोन धातूचे चमचे, काचेच्या कांड्या, ड्रॉपर आणि स्टार्च-आयोडाइडचे द्रावण. काळ्या कपात चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी घालायचे. सहा पांढऱ्या कपांत तपासायचे पाणी भरायचे आणि त्या द्रावणाचा पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत टाकत जायचे. ढवळायचे. अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग उमटेल, तो आकडा धरायचा. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे पावडर.

देशातल्या सगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांत हे प्रात्यक्षिक असते. जर्नल लिहितात, सही घेतात, विसरतात. एएफएमसीच्या मुलाला ते विसरून चालत नाही, कारण रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणून पलटणीत गेल्यावर सातशे-आठशे माणसे जे पाणी पिणार, त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. सकाळी एमआय (मेडिकल इन्स्पेक्शन) रूममध्ये सिक परेड, म्हणजे ताप, खोकला, पायाचे फोड आणि चाचपून पाहावी लागणारी एखादी खोटी कंबरदुखी. मग लंगरखान्याची पाहणी, आचाऱ्यांची नखे, संडासांची जागा, डासांची तळी. हाताशी नर्सिंग असिस्टंट. शेजारी सल्ला विचारायला दुसरा डॉक्टर नाही. चकमक झाली तर पहिला बांधलेला पट्टा त्याचाच. नीट, तर्कचाचणी, मुलाखत, तपासणी, बाँड या साऱ्यातून पार करून मुलगा इथे आणायचा असतो, आणि १९६२ पूर्वी नेमकी हीच जागा रिकामी राहत होती.

अंतिम परीक्षा संपली की महाविद्यालयाच्या मैदानावर दीक्षान्त संचलन होते. मैदानाला कीर्तिचक्रविजेते कॅप्टन देवाशिष शर्मा यांचे नाव आहे. खांद्यावर स्टार चढतात, बहुसंख्य भूदलात जातात, थोडे हवाई दलात आणि नौदलात. मग देशभरच्या सैनिकी रुग्णालयांत एक वर्षाची इंटर्नशिप आणि लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर केंद्रातला बेसिक कोर्स. लखनौला हत्यार, नकाशा आणि जखमींची वाहतूक शिकवतात. अंगात मुरायला थोडा वेळ लागतो.

काही वर्षे पलटणीत काढली की बरेच जण पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला परततात. इथे संस्थेचे १९४८ चे मूळ रूप पुन्हा दिसते. वर्गात कॅप्टन आणि मेजर बसलेले, लेह-तवांग पाहून आलेले. त्यांना शिकवणे अवघड असते, असे प्राध्यापक कौतुकानेच सांगतात. पुस्तकातल्या वाक्यावर “सर, तिथे असे होत नाही” म्हणणारा विद्यार्थी समोर असतो. विशेषज्ञ म्हणून आधी ‘ग्रेडेड’ आणि अनुभवानंतर ‘क्लासिफाइड’ अशा पायऱ्या आहेत. पदव्युत्तर जागेबरोबर सेवेची हमी पुन्हा लिहून द्यावी लागते. म्हणजे कागद एकदाच सही करून संपत नाही. प्रत्येक नव्या शिक्षणाबरोबर तो लांबतो. सात वर्षांनी बाहेर पडायचे ठरवून आलेले कितीतरी जण असेच विसाव्या वर्षापर्यंत पोचले आणि निवृत्तीच्या वेळी तक्रार करायची विसरले.

१९६४ मध्ये इथे परिचर्या महाविद्यालयही सुरू झाले. लष्करी परिचर्या सेवेसाठी मुलींना चार वर्षे शिकवून कमिशन देण्याची व्यवस्था त्याच धर्तीवर, त्याच हमीवर चालते. तिचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. डॉक्टरांच्या झगमगाटात तो नेहमी शेवटच्या परिच्छेदांत ढकलला जातो आणि मीही इथे तेच करतो आहे.

अमृतमहोत्सवी वर्षात, १ डिसेंबर २०२३ रोजी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पुण्यात महाविद्यालयाला राष्ट्रपती ध्वज प्रदान केला. लढाऊ पलटणींना मिळणारा हा मान एका शिक्षणसंस्थेला मिळाला.

मुलींविषयी लिहून थांबतो. लष्करी वैद्यकीय सेवेत स्त्रियांना कायम कमिशन लढाऊ दलांच्या कितीतरी आधी मिळाले आणि एएफएमसीच्या सुरुवातीच्या तुकड्यांतच मुली होत्या. १९६३ च्या दुसऱ्या तुकडीतल्या पुनीता अरोरा २००४ मध्ये याच महाविद्यालयाच्या पहिल्या महिला कमांडंट झाल्या. लेफ्टनंट जनरल पदावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला; पुढे त्या नौदलात सर्जन व्हाइस अॅडमिरल झाल्या. पद्मावती बंदोपाध्याय हवाई दलातल्या पहिल्या महिला एअर मार्शल. माधुरी कानिटकर इथल्या विद्यार्थिनी, नंतर डीन, २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या; म्हणजे ज्या महाविद्यालयात शिकल्या, त्याच्या पदव्यांवर त्यांची सही येऊ लागली. २०२४ मध्ये साधना सक्सेना नायर भूदलाच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला आरती सरीन यांनी तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांचे महासंचालकपद स्वीकारले. बिधानचंद्र रॉय समितीने जे एक छत्र सुचवले होते, त्याच्या टोकावर पुण्याची विद्यार्थिनी बसली. प्रवेशाच्या तक्त्यात मुलींच्या जागा मात्र १४५ पैकी ३० आहेत. सरहद्दीवरच्या चौक्यांत राहण्याची सोय नाही, हे जुने कारण आता मागे पडले आहे आणि तक्ता बदलायला हवा, असे माझे मत आहे.